मातीच्या नवऱ्याचा मृत्यूदाखला

तुमचं लग्न खरोखर झालंय हे परक्या माणसाला पटवून द्या, असं उद्या कोणी सांगितलं तर तुम्ही काय दाखवाल? मंगळसूत्र म्हणाल, तर ते सराफाकडे कुणालाही मिळतं. अल्बम म्हणाल, तर त्यात चार पानं आत्याबाई आणि सहा पानं जेवणाच्या पंगती. हा प्रश्न मी उज्जैनच्या फ्रीगंजात, दहा बाय बाराच्या खोलीत बसून वीस-बावीस वर्षं लोकांना विचारला आणि त्यावर माझं बरं चाललं.

त्याआधी मी त्याच खोलीत इंग्रजी टायपिंग शिकवत असे. कॉम्प्युटर आले, टाइपरायटर भंगारात गेले, शिकायला येणाऱ्या मुली आटल्या आणि मागे उरलं ते टेबल, दोन खुर्च्या आणि माझं बऱ्यापैकी इंग्रजी. ओळखीतल्या एका मुलीला अमेरिकेला नवऱ्याकडे जायचं होतं. तिचा फॉर्म मी भरून दिला. ती गेली, तिनं आपल्या नणंदेला माझ्याकडे धाडलं, नणंदेनं मावसबहिणीला. अशी मी 'फॉर्मवाली काकू' झाले, हिंदी गिऱ्हाइकांची 'आंटीजी'. मी वकील नाही आणि एजंटही नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगून टाकी. कागद मी लावते, व्हिसा महाकाल देतो, असं म्हटलं की आमच्या गावात पुढे कोणी वाद घालत नाही.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवरा अमेरिकेचा नागरिक असला तर आधी तो तिकडून अर्ज करतो, की ही माझी बायको, हिला येऊ द्या. तो मंजूर व्हायला वर्ष सहज जातं. मग फी भरायची. मग 'हिला मी पोसेन' असं नवऱ्याचं हमीपत्र, त्याचे कराचे कागद. मग बायकोचा लांबलचक फॉर्म, जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला. मुंबईला जाऊन वैद्यकीय तपासणी आणि शेवटी तिथल्याच वकिलातीत काचेपलीकडच्या साहेबासमोर मुलाखत. एवढं सगळं करून मुलगी तिकडे पाय ठेवते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसली, तर मिळतं ते कच्चं ग्रीनकार्ड. त्याची मुदत दोन वर्षं. ती संपायच्या आधीच्या तीन महिन्यांत नवराबायकोनं मिळून पुन्हा अर्ज करायचा, की आम्ही अजून एकत्र नांदतोय. मग कार्ड पक्कं होतं. सून टिकते का हे आपल्याकडे सासू बघते, तिकडे सरकार बघतं.

आणि पक्कं म्हणजे काय, यावरही लोकांच्या भलत्याच कल्पना. माधव नगरातल्या एक बाई सासूबाईंच्या दुखण्यासाठी म्हणून तिकडून आल्या आणि इथेच रमल्या. तिसऱ्या वर्षी परत जायचं म्हणून माझ्याकडे आल्या. कार्ड कुठंय विचारलं तर अभिमानानं म्हणाल्या, "बँकेच्या लॉकरमध्ये. एक ओरखडा पडू दिला नाही." मी सांगितलं, की बाई, ते कार्ड तिथे राहणाऱ्या माणसाचं असतं. वर्षाच्या वर बाहेर राहायचं तर निघण्याआधी परवानगीचा कागद काढावा लागतो. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जसा काही मीच लॉकर फोडला. त्यांच्या नवऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं.

माझी खासियत म्हणजे पुरावे. लग्न कागदापुरतं नाही हे दाखवायला फोटो लागतात, आणि नवराबायकोचं मोबाइलवरचं बोलणंही लागतं. एका जोडप्यानं दीडशे पानं छापून आणली. पहिल्या पानावर 'जेवलीस?', 'हो, तुम्ही?', 'हो.' शेवटच्या पानावरही तेच. मी त्या मुलीला म्हटलं, "तुमचं कधी भांडण नाही का होत?" ती लाजली आणि दुसऱ्या दिवशी चाळीस पानांचं भांडण घेऊन आली. विषय नणंदेचा होता. मी ते दीडशे पानांच्या वर लावलं आणि व्हिसा पहिल्या फटक्यात मिळाला.

असा माझा हात होता, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. म्हणूनच मुळे सरांच्या ऋतुजाचं प्रकरण सांगताना अजूनही कान गरम होतात. कारण ते प्रकरण मी स्वतः बिघडवलं.

मुळे सर नानाखेड्याला राहतात. गणिताचे शिक्षक, आता निवृत्त. इंदूरला जाताना बसमध्ये बायकोनं आठवण करून दिली, की आज ऋतुजाला बारावं लागलं, तर वाटेतल्या थांब्यावर उतरून कंडक्टरकडून तिचं पूर्ण तिकीट मागून घेतलेला माणूस. पत्नी पुढे वारल्या, तेव्हापासून बापलेक दोघंच. ऋतुजा एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं लग्न ओहायोतल्या निखिलशी झालं. मुलगा चांगला, नागरिकत्व मिळालेला. त्याची आई त्याच्याचकडे राहते.

फॉर्म भरताना सर शेजारच्या खुर्चीत ताठ बसून प्रत्येक प्रश्न वाचत होते. 'यापूर्वी आपला विवाह झाला होता काय?' हा प्रश्न आला आणि मी 'नाही' वर बोट ठेवणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"वहिनी, इथे एक दिक्कत आहे."

"कसली?"

"झालाय. अकरा दिवस आधी."

ऋतुजा पंख्याकडे बघायला लागली. मग सरांनी सांगितलं ते असं. ऋतुजाच्या पत्रिकेत मंगळ. मंगळाची शांत करायला लोक देशभरातून आमच्या उज्जैनला येतात, त्यामुळे आमच्याकडे ही भीती घरच्या घरी मिळते. अशी मुलगी नवऱ्याच्या जिवाला बाधते म्हणतात. त्यावर तोड म्हणजे कुंभविवाह. मुलीचं आधी मातीच्या घड्याशी रीतसर लग्न लावायचं. जे काही वाईट व्हायचं ते घड्याचं होतं. मग घडा क्षिप्रेत सोडायचा आणि मुलगी दुसऱ्या लग्नाला मोकळी. निखिलच्या आईनं लग्नाला होकार देताना हीच एक अट घातली होती.

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हटलं, सर, घडा म्हणजे माणूस नव्हे, आणि कायद्यात लग्न माणसाशी होतं. सर म्हणाले, मंत्र तेच होते, कन्यादान मी केलं, आणि खाली लिहिलंय की खोटं सांगितलं तर कायमचं दार बंद. मी म्हटलं, यात मडकं घातलंत तर दार उघडायचंच नाही. आणि 'नाही' दाबून टाकलं. सरांनी खिशातली डायरी काढून त्या दिवशीच्या पानावर स्वतःची हरकत नोंदवली.

ते 'नाही' बरोबर होतं, हे मी आजही छातीठोक सांगते. चूक झाली ती फोटोत. स्टुडिओवाल्यानं लग्नाचे सगळे फोटो एकाच पाकिटात घालून दिले होते. त्यातून वीस निवडायचे होते. आता आपल्या नवऱ्या फोटोत कशा असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पहाटेपासून उपाशी, शालूचं ओझं, डोळ्यांत धूर. ऋतुजाही एकोणीस फोटोंत तशीच होती. एकाच फोटोत ती मनापासून हसत होती. मुंडावळ्या बांधलेल्या, अंतरपाट नुकताच खाली येतोय, आणि ही खळखळून हसतेय. पलीकडे कोणी टक्कल पडलेला माणूस उभा होता. मला वाटलं मुलाकडचे मामा असतील. चष्मा माझ्या कपाळावर होता आणि मी खूश होते, की वा, याच्याइतका चांगला पुरावा नाही. मागच्या बाजूला मीच लिहिलं, 'लग्नविधीच्या वेळी वधू', खाली लग्नाची तारीख.

स्टुडिओवाल्यानं पुढच्या बाजूला कोपऱ्यात बारीक तारीख छापली होती. ती अकरा दिवस आधीची.

मुलाखतीला ऋतुजा एकटीच आत गेली. शाळेतली नोकरी तिनं सोडलेली, बॅगा भरलेल्या, निखिलनं तिकडे नवं घर भाड्यानं घेतलेलं. नंतर तिनं जे सांगितलं ते मला तोंडपाठ आहे. साहेबानं फोटो चाळले, एकावर थांबला आणि विचारलं, हा माणूस कोण? ऋतुजा बापाच्या वळणावर गेलेली. ती म्हणाली, "तो नवऱ्याला धरून उभा आहे." साहेबानं फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. कुठल्या नवऱ्याला? मग तिनं सांगितलं, की अंतरपाटामागे त्याच्या हातात घडा आहे आणि हे लग्न त्या घड्याशी आहे. साहेब सभ्य होता, हसला नाही. त्यानं पासपोर्ट परत दिला आणि सोबत एक चिठ्ठी दिली. आधीच्या विवाहाबद्दल लेखी खुलासा आणि कागदपत्रं द्या. तो विवाह असल्यास घटस्फोटाचा हुकूम किंवा पतीचा मृत्यूदाखला जोडा.

ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून सर बसून राहिले. मी म्हटलं होतं, असं ते म्हणाले नाहीत, आणि ते म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. प्रश्न नुसता उशिराचा नव्हता. फॉर्मवर 'नाही' आहे आणि फोटोत लग्न आहे. साहेबाला तो लपवाछपवीचा मामला वाटला, तर ऋतुजाला जन्मभर त्या देशाचं दार बंद. आणि ते 'नाही' मी दाबलेलं, तो फोटो मी निवडलेला. मला रडू आलं आणि मी त्यांच्यासमोरच रडले. ऋतुजानंच मला पाणी दिलं. निखिलचा फोन आला तेव्हा तो बिचारा वातावरण हलकं करायला म्हणाला, "काकू, मी दुसरा नवरा आहे हे ऑफिसात कसं सांगू?" कोणी हसलं नाही.

थोडं सावरल्यावर मी तिला विचारलं, की बाई गं, एवढं हसायला काय झालं होतं त्या फोटोत?

"काकू, मला बघायला नऊ जण येऊन गेले होते," ती म्हणाली. "माझ्यात खोट न काढणारा तो पहिलाच."

दुसऱ्या दिवशी मी आणि सर तो कुंभविवाह लावणाऱ्या गुरुजींकडे गेलो. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, 'हा विवाह नव्हता', एवढं लिहून सही करा. गुरुजींना ते सपशेल नामंजूर. म्हणाले, "मैडम, विवाह तो विधिवत हुआ है. हम कच्चा काम नहीं करते." मी म्हटलं, मग ते मृत्यूदाखला मागतायत. गुरुजी शांतपणे म्हणाले, "तो वो भी बना देंगे. विसर्जन की तारीख लिखी है हमारे पास."

क्षणभर मला मोह पडला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत नाना तऱ्हेचे दाखले मी फायलींना लावले, मडक्याचा मृत्यूदाखला लावायची संधी पुन्हा येणार नव्हती. पण मृत्यूदाखला दिला म्हणजे नवरा होता असं कबूल केलं, आणि 'नाही' खोटं ठरलं. विवाह नव्हता असं लिहून मागावं, तर गुरुजींचं म्हणणंही चूक नव्हतं. विवाहच झाला नाही तर दोष कसा गेला? मुलाची आई उद्या फोन करून जाब विचारेल, गुरुजींनी काय सांगायचं? दोन्ही बाजूंनी ऋतुजा अडकलेली.

शेवटी माझा धंदाच कामी आला. फॉर्म भरताना लोक आपल्याला काय वाटतं ते लिहायला जातात, आणि मी त्यांना फक्त काय घडलं ते लिहायला लावते. मी विचारलं, गुरुजी, वराच्या जागी कोण होतं? "मिट्टी का कुंभ." कोणी माणूस? "राम राम, मनुष्य कैसे होगा?" मग जो माणूस उभा आहे तो? "हमारा सहायक है. कुंभ पकड़ने को." म्हटलं, बस, ही तीन वाक्यं लिहा, विवाहाचं नाव काढू नका. त्यांनी लिहिली आणि शिक्का इतक्या आनंदानं मारला, की कागद फाटायचाच राहिला. ओळखीच्या एका वकिलानं वेगळं पत्र दिलं, की कायद्यानं घड्याशी विवाह होत नाही. मी माझं स्वतःचं निवेदन टाइप केलं, की फोटो मी निवडला आणि मागची तारीख मी चुकीची घातली. दुसऱ्यांच्या चुका निस्तरणं आणि आपली चूक इंग्रजीत टाइप करणं यात किती फरक आहे, ते त्या दिवशी कळलं.

राहिलं सरांचं शपथपत्र. मी त्यांना म्हटलं होतं चार ओळी आणा, विधी कोणी केला आणि कशासाठी. ते दोन पानं मराठीत लिहून घेऊन आले, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात. ते वाचणार आणि मी इंग्रजीत टाइप करणार, असं ठरलं. ऋतुजा प्रिंटरजवळ उभी होती.

सुरुवातीला नाव, पत्ता, वय. मग सर वाचू लागले.

"मी गणिताचा शिक्षक आहे. पत्रिकेतल्या दोषावर माझा विश्वास नाही. तरी चांगलं स्थळ हातचं जाईल या भीतीनं मी हा विधी करवून घेतला. माझ्या मुलीत कुठलाही दोष नव्हता आणि नाही. हे मी तेव्हा सर्वांसमोर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ते आज शपथेवर म्हणतो."

शेवटची ओळ वाचून झाली. ते चष्मा पुसत बसले. ऋतुजा प्रिंटरच्या कागदांची चळत उगाच सारखी करत राहिली. एरवी अशा ओळी मी बेधडक खोडते, कारण साहेबानं त्या विचारलेल्या नसतात. त्या दिवशी मी एक शब्द खोडला नाही. त्यांनी लिहिलं होतं तेवढं सगळं टाइप केलं, आणि मला वाटतं माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते सगळ्यात चांगलं इंग्रजी असेल.

कागद गेले. पाच आठवडे काही कळलं नाही. त्या दिवसांत मी सकाळी देवाआधी कॉम्प्युटर उघडत असे. सर रोज अकराला येत, पडद्याकडे बघत आणि 'बरं' म्हणून जात. मग एका दिवशी पासपोर्ट मागवल्याचं पत्र आलं आणि त्यानंतर आठवड्यानं व्हिसाचा शिक्का मारून तो परत आला. सरांनी मला पेढे दिले आणि घड्याच्या नावानं एक जास्तीचा ठेवला.

ऋतुजा तिकीट काढायला निघाली तेव्हा सरांनी डायरी उघडली. म्हणाले, लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायला अठरा दिवस आहेत. आज गेलीस तर कच्चं कार्ड, अठरा दिवसांनी गेलीस तर एकदम पक्कं. व्हिसा अजून पाच महिने चालतो. ऋतुजा वैतागली, की मी कमी थांबले का? तिनं माझ्याकडे पाहिलं. नियम तसाच होता, त्यामुळे मी सरांच्या बाजूनं बोलले. निखिलही तिकडून हो म्हणाला. पण सरांचा चेहरा बघून मला कळलं, की त्यांना कार्डाची फारशी पडलेली नाही. ते अठरा दिवस त्यांनी मागून घेतले. मग दोघं रोज संध्याकाळी फ्रीगंजात काही ना काही खरेदीला येत आणि हात हलवत परत जात.

निघायच्या आदल्या दिवशी ती फाईल दाखवायला माझ्याकडे आली. विमानात हातात ठेवायचे कागद मी स्वतः तपासून देते, ते माझं शेवटचं काम. पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, लसीकरणाचे कागद, छातीचा एक्सरे. सगळं जागच्या जागी होतं. तळाशी मात्र एक प्लॅस्टिकचं पाकीट निघालं. त्यात सरांचं शपथपत्र होतं, नोटरीच्या शिक्क्याचं, ताज्या सहीचं. वकिलातीकडे गेलेलं ते नव्हे. हे तिनं सरांकडून पुन्हा करून घेतलं होतं, मला न सांगता.

मी म्हटलं, "अगं, हे कशाला नेतेस? विमानतळावर हे कोणी मागत नाही."

"विमानतळावर नाही, काकू," ती म्हणाली. "घरी लागेल."

मी ते पाकीट तळातून काढलं आणि पासपोर्टच्याही वर लावून दिलं.